वाट बदलली, वसा सोडला नाही
सेनापती बापट यांच्या जीवनावर एक चिंतन



बदलाचा स्वीकार करा म्हणजे जीवन सुखी होईल, असा उपदेश आजकाल सगळीकडे ऐकू येतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात तो असतो, कंपनीच्या प्रशिक्षणात असतो, सकाळी मोबाईलवर येणाऱ्या शुभेच्छांमध्ये असतो, आणि आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनातही असतो. उपदेश खोटा नाही. परंतु त्यात एक प्रश्न झाकला जातो. बदलायला कोणी कोणाला सांगायचे? स्वतःहून नोकरी सोडून नवा व्यवसाय सुरू करणारा तरुण आणि ज्याच्या शेतातून उद्या रस्ता जाणार आहे तो शेतकरी, या दोघांना एकच उपदेश लागू पडतो का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशी धरणाचे पाणी आपण सर्वांनीच पाहिले आहे. गाडी थांबवून, मक्याचे कणीस खात आपण ते सौंदर्य डोळ्यांत साठवतो. त्या पाण्याखाली गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, देवळे आहेत. ही गावे वाचावीत म्हणून शंभर वर्षांपूर्वी येथे मोठा लढा झाला आणि त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट या माणसाला सेनापती ही पदवी दिली. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना हा सेनापती कोणत्या सैन्याचा, हे ठाऊक नसते. तो आपल्या मुळशीच्या मावळ्यांचा सेनापती होता.

बापटांचे जीवन बदलांनी भरलेले आहे. एका माणसाच्या आयुष्यात इतकी वळणे क्वचितच दिसतात. म्हणूनच, बदलत असताना माणूस आतून अखंड कसा राहतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही आज त्यांची ओळख करून देत आहोत.

पारनेरचा हुशार मुलगा

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मूळ गावे त्याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे तिथली कोरडवाहू जमीन आणि तिथल्या माणसांचा चिवटपणा आपल्याला वेगळा सांगायला नको. घरची परिस्थिती साधी होती, पण मुलगा अतिशय हुशार. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. तिथेच, विद्यार्थी असताना, त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशसेवेची शपथ घेतली. वय सुमारे बावीस वर्षांचे होते. त्या वयात आपणही पुष्कळ शपथा घेतो. बापटांनी मात्र ती शपथ पुढे पासष्ट वर्षे सांभाळली.

१९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि एडिंबरो येथील हेरियट-वॅट कॉलेजात इंजिनिअरिंग शिकू लागले. आई-वडिलांची स्वप्ने पूर्ण होण्याची चिन्हे होती. परत आल्यावर मोठी नोकरी, बंगला, मानमरातब हे सारे ठरल्यासारखे होते. पण तिथे त्यांनी इंग्रजी राज्यातील हिंदुस्थानच्या दुःस्थितीवर भाषण केले आणि शिष्यवृत्ती बंद झाली.

आयुष्यातला हा पहिला मोठा धक्का. परदेशात, पैशाविना, पदवीविना. अशा वेळी सामान्य माणूस दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर माफी मागून जुनी वाट पुन्हा मिळवतो, किंवा झाल्या नुकसानीचा विचार करीत खचून जातो. बापट लंडनच्या इंडिया हाऊसकडे वळले. तिथे श्यामजी कृष्णवर्मा आणि विनायक दामोदर सावरकर यांचा सहवास लाभला. क्रांतीचा मार्ग ठरला. बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले आणि रशियन क्रांतिकारकांकडून ती शिकून १९०८ मध्ये मायदेशी परतले.

त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. बापटांचे नाव पोलिसांपर्यंत पोचले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे ते नाव लपवून देशभर फिरले. १९१२ मध्ये इंदूरला त्यांना अटक झाली, पण पुरेसा पुरावा हाती न लागल्याने पुढे त्यांची सुटका झाली.

बॉम्बनंतर झाडू

सुटका झाल्यावर बापट पारनेरला परतले. विलायतेत शिकलेला, पॅरिस पाहिलेला हा ब्राह्मण तरुण गावी येऊन काय करतो? पहाटे उठून हातात झाडू घेतो, गावातले रस्ते झाडतो आणि शौचकूप साफ करतो. त्या काळी हे काम विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते. उच्चवर्णीयाने ते करणे म्हणजे स्वतःच्याच समाजात हसे करून घेणे होते. १९१४ साली त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या जेवणात त्यांनी पहिली पंगत दलितांची बसवली. ज्या गावात विहिरीचे पाणीसुद्धा वेगळे होते, त्या गावात ही पंगत किती जणांच्या पोटात दुखली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आम्हाला हे वळण बापटांच्या जीवनातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. बॉम्बमध्ये एक प्रकारचे तेज असते, गुप्ततेचा थरार असतो, हुतात्मा होण्याचे स्वप्न असते. झाडूत यातले काहीच नाही. आज झाडलेला रस्ता उद्या पुन्हा घाण होतो. माणसाची ओळख त्याच्या साधनाशी बांधलेली असेल, तर असा बदल त्याला सहन होत नाही. मी क्रांतिकारक आहे, मी इंजिनिअर आहे, मी मॅनेजर आहे, असे म्हणत तो आयुष्यभर त्या एका शब्दाला धरून बसतो. तो शब्द गेला की माणूसही कोसळतो. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत खचलेली माणसे आपण पाहतोच.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा अभ्यास करावा लागे. त्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. आपण जे काही करतो ते कशासाठी तरी करतो, आणि ते कशासाठी तरी, पुन्हा आणखी कशासाठी तरी असते. साधनांच्या या शिडीच्या शेवटच्या पायरीवर काय आहे, हे ज्याला कळले त्याला मधल्या पायऱ्या बदलण्याचे भय वाटत नाही. बापटांच्या शिडीच्या शेवटी होता अपमानित माणूस. परकी सत्ता त्याचा अपमान करीत होती, तेव्हा त्यांनी बॉम्बची विद्या शिकली. स्वकीयांची जातव्यवस्था त्याचा अपमान करीत होती, तेव्हा त्यांनी झाडू धरला. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस चंचल वाटला असेल. आतून मात्र सूत एकच होते.

पुढे पुण्यात ते चित्रमयजगत मासिकात आणि नंतर लोकमान्य टिळकांच्या मराठा या पत्रात काम करू लागले. १९२० मध्ये मुंबईत त्यांनी झाडूवाल्या कामगारांची संघटना बांधली आणि त्यांच्या संपाचे नेतृत्व केले. आपल्या हातातला झाडू ज्यांचा खरा व्यवसाय होता, त्यांच्या पगाराचा प्रश्नही त्यांनी आपला मानला. आणि त्यानंतरच्याच वर्षी मुळशीची हाक आली.

मुळशीचा सत्याग्रह

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, तो महाग पडे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीत पडणारा प्रचंड पाऊस अडवून, ते पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज निर्माण करावी, ही टाटांची योजना दूरदृष्टीची होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते. पुढची योजना होती मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची. पूर्वेकडे भीमेला आणि कृष्णेला मिळणारे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला भिरा येथे उतरवायचे, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या व रेल्वे चालवायच्या. देशाच्या प्रगतीसाठी हा बदल हवाच होता, असे म्हणणारे त्या वेळीही पुष्कळ होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

पण बदलाची किंमत भरायची होती ती मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी. पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे दहा हजार माणसे यांच्यावर हे संकट आले. उत्तम भात पिकवणारे हे खोरे. मुळशीच्या आंबेमोहोराचा वास आजही आपल्या ओळखीचा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने जमिनी घ्यायच्या आणि कंपनीला द्यायच्या, असे ठरले. मावळ्यांना कोणी विचारले नाही. त्यातच खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या मालकीची झाली होती. भरपाईची रक्कम हाती यावी असे सावकारांना वाटू लागले. म्हणजे जो राबत होता त्याला जमीन हवी होती आणि ज्याच्या नावावर कागद होता त्याला पैसा.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळे आपल्या बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. जीव गेला तरी जमीन सोडायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे एक प्रमुख नेते, आणि पुण्याचे काँग्रेस पुढारीही त्यात उतरले. गांधीजींनी लढ्याला आशीर्वाद दिला आणि टाटांना उद्देशून लेख लिहून गरिबांच्या जमिनी त्यांच्या इच्छेविरुद्ध घेऊ नयेत असे सुचवले. काम काही महिने थांबले. १९२१ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि मग अटकसत्र, तुरुंग, मारहाण हे सारे आले. बापटांना पुन्हा पुन्हा शिक्षा झाल्या. सुटले की ते परत मुळशीला येत.

हळूहळू लढ्याची ताकद ओसरली. खटल्यांनी आणि तुरुंगवासाने माणसे थकली. मोबदला घेणाऱ्यांची संख्या वाढली. धरणाच्या भिंती वर येऊ लागल्या. १९२४ मध्ये गांधीजींनीही हा लढा थांबवावा असे मत दिले. बहुसंख्य लोकांनी मोबदला स्वीकारला आहे, धरण बरेच बांधून झाले आहे आणि लढ्याचा नेता अहिंसेवर पूर्ण विश्वास ठेवणारा नाही, अशी त्यांची कारणे होती. शेवटचे कारण खरे होते. लढ्याच्या अखेरच्या टप्प्यात बापटांनी मोजक्या साथीदारांसह, हातात शस्त्रे घेऊन, रुळांवर दगड रचून कंपनीच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी दूर सिंध प्रांतातल्या हैदराबादच्या तुरुंगात भोगली आणि १९३१ मध्ये ते सुटले.

शस्त्र दाखवून गाडी अडवण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्या गाडीत पोटासाठी काम करणारे मजूरच होते. अन्यायाविरुद्ध लढताना आपल्यासमोरचा दुसरा गरीब माणूस दिसेनासा होणे, हा प्रत्येक तीव्र लढ्यातला धोका आहे. थोर माणसाचे चरित्र वाचताना त्याची प्रत्येक कृती डोक्यावर घेण्याची गरज नसते. मात्र एक गोष्ट आम्हाला नोंदवाविशी वाटते. कृती केल्यानंतर त्यांनी तिची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. शिक्षा आपली म्हणून भोगली.

गावांचे दुःख आणि मनाचे शास्त्र

धरण पूर्ण झाले आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली. गावे पाण्याखाली गेली. मावळे पांगले.

इथे क्षणभर थांबू या. माणूस आपले घर आणि गाव गमावतो तेव्हा त्याच्या मनात काय होते? मार्क फ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बोस्टन शहरातल्या वेस्ट एंड या वस्तीतून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सरकारच्या दृष्टीने ती गलिच्छ वस्ती होती आणि लोकांना बाहेर काढणे हा सुधारणेचा भाग होता. परंतु हलवल्यानंतर पुष्कळ माणसे घरातले कोणी वारल्यासारखी शोक करीत होती, असे फ्राइडना आढळले. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. शेजारीण, दुकानदार, कोपऱ्यावरचा कट्टा, रोजच्या पायाखालची वाट, या सगळ्यांत माणसाचा मीपणा गुंफलेला असतो. ते सारे एका दिवसात गेले की माणसाचा एक भाग मरतो, आणि मेलेल्यासाठी रडावे लागते.

मुळशीच्या मावळ्यांना कोणी रडायला वेळ दिला नाही. त्यांना भरपाईचा हिशेब मिळाला. कोणत्या झाडाखाली आजोबा बसत, कोणत्या वळणावर नवरी पहिल्यांदा सासरचे गाव पाही, हे हिशेबात नव्हते. म्हणून बदल स्वीकारा असे सांगण्यापूर्वी आपण आधी विचारायला हवे की, यात तुझे काय गेले? ते सांगून झाल्याशिवाय, ते कोणी तरी ऐकून घेतल्याशिवाय, माणसाचे पाऊल पुढे पडत नाही. आपल्या घरातही हेच घडते. गावचे घर विकून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली आई गप्प गप्प असते, तेव्हा तिला लिफ्ट, नळाचे चोवीस तास पाणी, वॉचमन यांची यादी ऐकवून उपयोग नसतो. तिला तुळशीजवळच्या किंवा घराच्या क्रूसाजवळच्या त्या ओट्याविषयी बोलायचे असते.

मग मनुष्य आपल्या परिस्थितीकडे कसे पाहतो याला काहीच महत्त्व नाही का? आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले आणि १९४६ साली त्यांनी आपला अनुभव पुस्तकरूपाने मांडला. सर्व काही हिरावून घेतले तरी त्या परिस्थितीला आपण कसे सामोरे जायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य माणसाकडे उरते, आणि ज्याला जगण्याचा अर्थ सापडतो तो पुष्कळ सहन करू शकतो, हा त्यांच्या विचारांचा गाभा आहे. पण लक्षात घ्या, फ्रँकल हे स्वतः भोगून बोलत होते. छावणीच्या पहारेकऱ्याने हेच वाक्य कैद्याला ऐकवले असते तर तो क्रूरपणा झाला असता. परिस्थितीतून अर्थ काढण्याचे स्वातंत्र्य हे स्वतःला आठवण करून देण्यासाठी आहे. दुसऱ्यावर अन्याय लादून वर त्याला ते शिकवता येत नाही.

बापटांच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट दिसतो. स्वतःच्या आयुष्यात शिष्यवृत्ती गेली, करिअर गेले, स्वातंत्र्य गेले, त्यांनी ते सारे पचवले. मावळ्यांवर मात्र बदल लादला जाऊ लागला तेव्हा ते आडवे उभे राहिले. स्वतःसाठी नरम आणि दुसऱ्याच्या हक्कासाठी कठीण! आपण बहुतेक वेळा याच्या उलट वागतो.

हरल्यानंतरचे आयुष्य

१९३१ मध्ये तुरुंगातून बाहेर आले तेव्हा बापट पन्नास वर्षांचे होते. ज्या कामासाठी त्यांनी आयुष्यातली उमेदीची दहा वर्षे दिली, ते पाण्यात गेले होते, अगदी शब्दशः. मुळशीचा तलाव भरला होता. आता काय?

बाहेर येताच ते पुन्हा कामाला लागले. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका भाषणाबद्दल पुन्हा लांब मुदतीची शिक्षा झाली. तिथून सुटल्यावर निजामाच्या राज्यातील जनतेच्या हक्कांसाठी झालेल्या सत्याग्रहात ते उतरले. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्येही त्यांनी काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. सदुसष्टाव्या वर्षात पदार्पण करून झालेले होते. इथे थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

१८ मे १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी सीमा ओलांडून गेली. तिच्या अग्रभागी नानासाहेब गोरे आणि ७४ वर्षांचे सेनापती बापट होते. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते उभे राहिले आणि १ मे १९६० रोजी झालेली राज्याची स्थापना त्यांनी पाहिली. या धावपळीत त्यांच्यातला विद्यार्थीही जिवंत राहिला. योगी अरविंदांच्या दिव्य जीवन या अवघड ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले आहेत. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो. जे झाले ते माझेच होते, त्यात चुका होत्या, पराभव होते, तरी ते मी मान्य करतो, असे ज्याला म्हणता येते त्याचे वार्धक्य शांत होते. ज्याला म्हणता येत नाही तो कटू होतो, घरातल्या प्रत्येकावर चिडतो आणि मरणाला घाबरतो. इथे एरिकसन यांनी यशाची अट घातलेली नाही. बापटांच्या खात्यावर मुळशीसारखा मोठा पराभव होता. तरीही आयुष्य रिकामे गेले असे त्यांच्या उत्तरायुष्यातील कोणत्याही कृतीतून दिसत नाही. समाधान यशातून येते असे आपण मुलांना शिकवतो. खरे पाहता ते एकसंधपणातून येते. आपण जे मानले तेच जगलो, ही जाणीव माणसाला पुरते.

आणि पराभव तरी पूर्ण होता का? अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. धरणग्रस्तांना पुनर्वसनाचा हक्क आहे, हा विचार पुढे हळूहळू रुजला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ मध्ये नवा कायदा आला आणि त्यात पुनर्वसनाचा समावेश झाला. या कायद्यांची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय आहे. पण ज्या मावळ्याला १९२१ मध्ये कोणी विचारले नाही, त्याच्या नातवाला किमान विचारावे लागते. हे फळ बापटांना पाहायला मिळाले नाही. सर्वच फळे लावणाऱ्याला मिळतात असे नाही.

आपल्यासाठी काय?

आपला मुळशी तालुका आज पुन्हा बदलतो आहे. हिंजवडी, माण, मारुंजी इथल्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पिरंगुटला कारखाने आले, भूगावला सोसायट्या आल्या. कोणाची जमीन चांगल्या भावाने गेली आणि पैसा तीन वर्षांत संपला. कोणाच्या मुलाला तिथेच नोकरी लागली. आपल्यापैकी कित्येक जण स्वतःच गाव सोडून इथे आले आहेत. कोणाची कंपनी बंद पडते, कोणाचे कौशल्य संगणकामुळे निरुपयोगी ठरते, कोणाची मुले परदेशी जातात. बदल आपल्याला टाळता येणार नाही. सेनापती बापटांच्या जीवनातून तीन गोष्टी आपण बरोबर घेऊ शकतो, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, आपल्या शिडीची शेवटची पायरी ओळखू या. नोकरी, पद, घर, गाडी ही साधने आहेत. ती कशासाठी, हे एकदा शांतपणे कागदावर लिहून पाहावे. ते उत्तर सापडले तर साधन हातातून गेले तरी आपण रिकामे होत नाही. कालपर्यंत मशीन चालवणारा माणूस उद्या शेजारच्या मुलांना गणित शिकवू लागेल आणि त्याला कमीपणा वाटणार नाही.

दुसरी गोष्ट, जे गेले त्याचे दुःख करण्यास स्वतःला आणि दुसऱ्याला मोकळीक देऊ या. रडणे म्हणजे बदलाला विरोध नव्हे. दुःख नीट करून झाले की माणूस स्वतःच डोळे पुसून उठतो. घरातल्या वृद्धांशी, नोकरी गेलेल्या भावाशी, लग्न होऊन नव्या घरात आलेल्या सुनेशी बोलताना उपदेश थोडा मागे ठेवावा आणि कान पुढे करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आपल्या सोयीसाठी होणाऱ्या बदलाची किंमत कोण भरतो आहे, याकडे लक्ष ठेवू या. आपल्या घरातल्या दिव्याच्या विजेसाठी, आपल्या नव्या रस्त्यासाठी, आपल्या फ्लॅटच्या पायासाठी कोणाचे तरी शेत गेलेले असते. वीज नको, रस्ता नको, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे शेत गेले त्याला योग्य मोबदला मिळाला का, त्याचे कोणी ऐकले का, एवढे विचारण्याचे धैर्य आपल्यात हवे. सोसायटीच्या गेटवर उभा असलेला रखवालदार कदाचित त्याच जमिनीचा एके काळचा मालक असेल. त्याला नावाने हाक मारणे तरी आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी ताम्हिणीच्या वाटेवर धरणापाशी गाडी थांबली की मुलांना पाण्याखालच्या गावांविषयी सांगा. त्या गावांसाठी सात वर्षे तुरुंगात राहिलेल्या आणि बाहेर आल्यावर पुन्हा कामाला लागलेल्या माणसाविषयीही सांगा.